उर्वीची हिरवी टिकली

वाचनाची चाचणी घेताना मुलाच्या समोर बसायचं नाही, शेजारी बसायचं, हे अनुजा विजयकरने पहिल्याच महिन्यात ठरवलं होतं. समोर बसलं की मूल कागदाकडे कमी आणि आपल्या चेहऱ्याकडे जास्त बघतं. भुवई हलली की शब्द बदलतं. शेजारी बसलं की त्याला फक्त कागद उरतो, आणि मग जे ऐकू येतं ते खरं.

अनुजा गिरगावातली. सांख्यिकीत एम.एस्सी. झाल्यावर ती एका संस्थेत लागली. ही संस्था परळ-लालबागच्या काही पालिका शाळांमध्ये तिसरी ते पाचवीच्या मुलांची वाचनातली प्रगती नोंदवायची. वर्षातून तीन फेऱ्या: जुलै, ऑक्टोबर आणि मार्च. प्रत्येक मुलाला एकेकटं व्हरांड्यात बोलवायचं, आधी अक्षरं, मग सुटे शब्द, मग चार ओळींचा उतारा आणि तो जमला तर पानभर गोष्ट. मध्ये काही सांगायचं नाही, पहिलं अक्षरसुद्धा नाही. मग मोबाईलमध्ये पातळी टाकायची.

पाचवीच्या वर्गात मात्र मोबाईलपेक्षा भिंतीवरचा तक्ता जास्त चालायचा. वर्गशिक्षिका कालिंदी बाईंनी तो स्वतः केला होता. प्रत्येक नावापुढे कपाळाला लावायची टिकली. अक्षरांवर किंवा सुट्या शब्दांवर अडकलेल्यांना लाल, उताऱ्यापर्यंत आलेल्यांना पिवळी आणि गोष्ट वाचणाऱ्यांना हिरवी. लाल-पिवळ्यांसाठी बाई रोज प्रार्थनेआधी तासभर वाचन घ्यायच्या. हिरव्यांची त्या तासातून सुटका, ती मैदानात लेझीम खेळायला.

"हिरव्या टिकल्या कुठे मिळतात बाई?" अनुजाने एकदा विचारलं होतं.

"हिंदमाताला, साड्यांच्या बाजारात. नऊवारीवर मॅचिंग घेतात बायका. दुकानदार विचारतो, घरात एवढ्या लग्नाच्या मुली आहेत का? म्हटलं, एका खोलीत चाळीस आहेत, बघतोस का स्थळं?"

ऑक्टोबरच्या फेरीत उर्वी घाडी शेजारी येऊन बसली तेव्हा तिच्या मैत्रिणी व्हरांड्याच्या टोकाला उभ्या होत्या. तिघीही आत्ताच हिरव्या होऊन गेल्या होत्या. उर्वी जुलैत लाल होती. आता तिने उतारा पुरा केला, धापा टाकत, पण केला. नियमाप्रमाणे अनुजाने गोष्टीचं पान पुढे ठेवलं.

दुसऱ्याच ओळीत उर्वी अडली. अनुजाला तिची पद्धत दिसत होती. ती पहिलं अक्षर नीट वाचायची आणि उरलेला शब्द अर्थावरून जुळवायची. 'डोंगरावर' असेल तिथे 'डोंबारी' म्हणून बघायची, वाक्य बसत नाही असं लक्षात आलं की परत फिरायची. वाचन नव्हतंच ते. पण डोकं चाललं होतं, आणि ते चालताना बघण्यात अनुजा रमली. एका शब्दापाशी उर्वी बराच वेळ थांबली. तिचा अंगठा कागदाच्या कडेवर दाबून पांढरा झाला होता.

"सा..." अनुजा म्हणाली.

"सावकाश!" उर्वी पुढे सुटली. आणखी एका ठिकाणी अडली. अनुजाने पुन्हा पहिलं अक्षर दिलं. मग आणखी एकदा. असं करत पान संपलं.

"हिरवी?" उर्वीने विचारलं. टोकाला उभ्या असलेल्या तिघी पुढे सरकल्या.

अनुजाने मोबाईलकडे पाहिलं. ही पिवळी आहे, हे तिला ठाऊक होतं. पण पंधरा दिवसांत ही पोरगी गोष्टीवर येणार, हेही तिला ठाऊक आहे असं वाटलं. मोजमापात थोडी चूक दोन्ही बाजूंना असतेच. पाऊण झालं की आपण एक धरतोच की. हे सगळं तिने स्वतःशी मुद्देसूद मांडलं, आणि मांडून झाल्यावर 'गोष्ट' वर बोट ठेवलं.

"हिरवी," ती म्हणाली. "छान वाचलंस."

दिवाळीच्या सुट्टीनंतर उर्वीने तिच्या हातात वर्तमानपत्रात बांधलेले मालवणी खाजे ठेवले. "आईने दिलेत. हिरवीचे."

अनुजाने ते बसमध्ये खाल्ले. आल्याचा तिखटपणा गिरगाव येईपर्यंत जिभेवर होता. मनात कुठेतरी टोचत होतं, पण पुढच्या फेरीत ती खरंच हिरवी निघेल आणि हिशेब आपोआप बरोबर होईल, असं म्हणून तिने कागद चुरगळला.

मार्चच्या फेरीला संस्थेने नवी पानं छापली. मुलांनी आधी कधीच न पाहिलेली. उर्वी आली ती उड्या मारत. लेझीमच्या पथकात ती आता पुढच्या रांगेत होती. बसली, गोष्टीचं पान हातात घेतलं आणि बघतच राहिली.

"वाच ना."

"हे आम्हाला झालं नाही ताई."

"झालेलं नसतंच. नवीन आहे. वाच आरामात."

उर्वीने पान जवळ घेतलं, लांब धरलं. मग हळूच म्हणाली, "तुम्ही पहिलं अक्षर सांगा ना. मागच्या वेळी सांगितलं होतं तसं. मग मला येतं."

अनुजाने ते पान काढून घेतलं आणि उतारा दिला. उताऱ्याची पहिली ओळसुद्धा पुरी झाली नाही. सुटे शब्द दिले. त्यातले काही आले, जोडाक्षरं आली की उर्वी खिडकीबाहेर बघायला लागायची.

"मग वर्गात कशी वाचतेस? बाई उभं करतात तेव्हा?"

"मयूर शेजारी राहतो ना. त्याला रात्री धडा वाचायला लावते. दोनदा ऐकला की पाठ होतो." तिने हे अभिमानाने सांगितलं. मग अनुजाचा चेहरा बघून आवाज खाली आला. "सगळं पुस्तक पाठ आहे मला. विचारा कुठलाही धडा. हिरवी आहे ना मी, न वाचून कसं चालेल?"

अनुजाने तिला वर्गात पाठवलं आणि पुढच्या मुलाला बोलवायचं ती विसरली. जुलै आणि ऑक्टोबरला एकच उतारा होता, तोही हिने मैत्रिणींकडून ऐकून पाठ केला असणार. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, ज्या तासात ही मुलगी खरंच वाचायला शिकली असती, त्या तासात ती मैदानात लेझीम खेळत होती. आणि उरलेला वेळ अनुजाने दिलेली टिकली खरी ठरवण्यात घालवत होती.

मधल्या सुट्टीत तिने अनिशला फोन केला. अनिश तिचा वरिष्ठ, सगळ्या शाळांचे आकडे त्याच्याकडे जमायचे.

"एकच मूल ना?" तो म्हणाला. "टाक ना लाल. सिस्टीम घसरण दाखवेल, कारण विचारेल. काहीतरी निवड. होतं असं."

"घसरण नाहीये रे. ऑक्टोबरचं मी चुकीचं टाकलं."

"तू?" तो हसला. "तू एका काना-मात्रेवरून मुलांना खाली आणतेस. काय बोलतेस! हे बघ, ऑक्टोबर लॉक झालाय. तो उघडायचा तर मला वर कळवावं लागेल, मग सगळ्या शाळेच्या नोंदी तपासतील. कशाला लफडं? घसरण टाकलीस तरी तिला उन्हाळी वर्ग मिळतोच ना? मुलीचं काम झालं की."

ते खरं होतं. मे महिन्यात लाल-पिवळ्यांसाठी उन्हाळी वर्ग असायचा. सहावीपासून कुणी वाचायला शिकवत नाही, मुलाला वाचता येतं असं धरूनच पुढचं शिकवतात. उर्वीला अक्षर अक्षर लावून शिकवणारं माणूस मिळण्याची ही शेवटचीच जागा होती. अनुजाने मोबाईलवर लाल टाकलं. खिडकी उघडली: घसरणीचं कारण निवडा. खाली यादी. गैरहजेरी. आजारपण. घरचं वातावरण. अभ्यासात रस नाही. इतर.

तिने ती यादी दोनदा वाचली. ही यादी करताना बैठकीत ती स्वतः होती. 'घरचं वातावरण' हे शब्द तिचेच. मुलाकडून काय काय चुकू शकतं, हे त्यांनी तासभर बसून काढलं होतं. मोजणाऱ्याचा रकाना कुणालाच सुचला नव्हता.

तिने 'इतर' निवडलं आणि लिहिलं: ऑक्टोबरची नोंद चुकीची, चाचणी घेताना मी मदत केली. अ. विजयकर.

मग ती कालिंदी बाईंकडे गेली. बाई शिक्षकखोलीत डबा खात होत्या. ऐकता ऐकता त्यांनी घास खाली ठेवला.

"मला दिसत होतं गं," त्या म्हणाल्या. "फळ्यावर नवीन काही लिहिलं की पाणी प्यायला पळायची. पण मोबाईलमध्ये हिरवी. आणि तू घेतलेली चाचणी. म्हटलं, रिटायर व्हायला आलो, आपल्यालाच नीट ऐकू येत नसेल."

"मला विचारायचं ना बाई."

"विचारायचं होतं." बाईंनी डब्याचं झाकण लावलं. "खरं सांगू? त्या तासाला आधीच पोरं मावत नव्हती. एक कमी झाली तर मी काय भांडायला येणार होते? मलाही सोयीचंच होतं ते."

त्यांनी खणातून उन्हाळी वर्गाची यादी आणि संमतीचा कागद काढला. मग बाई म्हणाल्या, "यादी उद्या बंद होतेय. पालकांची सही लागेल. हिची आई हिंदमाताला फॉल-बिडिंग करते, साड्यांच्या दुकानात वर. उर्वी शाळेतून तिथेच जाते. मी येऊ का?"

"नको. मी जाते."

जाताना उर्वी तिच्या पुढे पुढे चालत होती. आपल्याला काय झालंय ते तिला कळलं होतं. तक्त्यावरची टिकली बाईंनी अजून काढली नव्हती, पण तिने मैत्रिणींना काही न सांगता दप्तर उचललं होतं.

दुकानाच्या मागच्या बाजूला लाकडी जिना होता. वर पोटमाळ्यावर तीन बायका मांडीवर साड्या घेऊन फॉल लावत होत्या. छपराला डोकं लागेल एवढीच उंची. लग्नसराई असल्यामुळे साड्यांचे गठ्ठे भिंतीला लावले होते. दर्शना घाडीने उर्वीमागोमाग अनुजाला वर येताना पाहिलं आणि सुई साडीतच खोचली.

"या मॅडम, या! अगं सरक जरा, शाळेच्या मॅडम आल्यात. उर्वी, खाली चहा सांग."

"चहा नको. मला उर्वीबद्दल बोलायचंय."

"बोला ना. काय केलंन हिने?"

अनुजाने सांगायला सुरुवात केली. येताना तिने वाक्यं जुळवून ठेवली होती, पण पहिल्याच वाक्यात उन्हाळी वर्ग आला आणि दर्शनाने तिथेच पकडलं.

"म्हणजे घसरली? हिरवीवरून?" ती उर्वीकडे वळली. "मोबाईल! दुसरं काय! मी इथे डोळे फोडतेय आणि ही त्या मयूरकडे मोबाईल बघत बसते. मला वाटायचं, धडा ऐकतेय."

"धडाच ऐकत होते," उर्वी म्हणाली.

"तोंड वर करून बोलू नको." मग अनुजाला, ओशाळून, "आमचंच चुकलं मॅडम. मशीन आणि सुई सोडून बघायला होत नाही. तुम्ही एवढं करता पोरांसाठी, आणि आम्ही..."

इथे थांबता आलं असतं. सही झाली असती, वर्ग मिळाला असता. उर्वी भिंतीच्या कोपऱ्यात गठ्ठ्यांना टेकून उभी होती आणि अनुजाकडे बघत होती. मदत मागत नव्हती, नुसती बघत होती.

"ती घसरली नाही," अनुजा म्हणाली. "ती तिथपर्यंत पोचलीच नव्हती. ऑक्टोबरमध्ये ती अडली तेव्हा मी तिला शब्द सांगितले आणि हिरवी लिहिली. त्यामुळे तिचा रोजचा तास बंद झाला. चूक माझी आहे, तिची नाही. तुमचीही नाही."

बाकीच्या दोघींचे हात थांबले. दर्शनाने थोडा विचार केला.

"म्हणजे तिला येत नव्हतं, आणि तुम्ही सांगितलंत येतंय."

"हो."

"मी चाळीत पेढे वाटले."

अनुजाला हे माहीत नव्हतं.

"का केलंस असं?" दर्शनाचा आवाज चढला नव्हता. 'तुम्ही' गळून पडलं, एवढंच. "मी तुला सांगायला आले होते, माझ्या पोरीला हिरवी दे म्हणून?"

"नाही. मला वाटलं, पंधरा दिवसांत येईल तिला. वाईट वाटलं असतं तिला म्हणून..."

"आणि आता वाईट वाटत नाहीये?" तिने उर्वीकडे हात केला. मग मांडीवरची साडी बाजूला ठेवून विचारलं, "कधी आहे तो वर्ग?"

"दोन मेपासून. महिनाभर, रोज सकाळी आठला. मी स्वतः शिकवणार आहे. त्यासाठी संस्थेतून रजा काढणार आहे मी."

"मे महिन्यात आम्ही गावाला जातोय. कणकवलीला. माझ्या भावाचं लग्न आहे, सोळा तारखेला. ही करवली आहे."

"दोन दिवस सुट्टी देता येईल..."

"परतीचं तिकीट देशील काढून? मे महिन्यात? तू इथलीच ना? माहीत नाही तुला?" दर्शना क्षणभर साड्यांच्या गठ्ठ्यांकडे बघत राहिली. "वाचायला येईल ना पण महिन्याभरात? खरं सांग. मागच्यासारखं नको."

"सुरुवात होईल. पूर्ण येईलच, असं आज सांगू शकत नाही."

दर्शनाने मान हलवली. हे उत्तर तिला आवडलं की नाही, कळलं नाही. "कांतामावशीकडे ठेवते हिला. मी चार दिवस जाऊन येईन कशीतरी. आण तो कागद." तिने मांडीवर ठेवूनच सही केली.

"मी नाही राहणार," उर्वी म्हणाली. "परकर शिवून झालाय माझा."

"गप्प."

दर्शनाने मोबाईल काढला आणि भावाला लावला. पोटमाळ्यावर एवढी कमी जागा होती की पलीकडचा आवाज सगळ्यांना येत होता. मागे बायकांची गडबड, भांड्यांचा आवाज.

"शिवा, ऐक. उर्वी येवची नाय लग्नाक."

"काय बोलतंस ताये? मगे करवली कोण उभी रवतली?"

"बाबल्याच्या चेडवाक उभी कर. हिची शाळेत निवड झाली हा. हुशार पोरांचो वर्ग हा उन्हाळ्यात. मोजक्याच पोरांका घेतल्यानी." तिने अनुजाकडे पाहिलं नाही. "टीचर आपणान इली हा सांगूक, दुकानात."

"खरां काय? आपली उर्वी? वाचूक बसली की जांभयो देता ती! थापो मारू नको, तिकीट नाय गावला तर तसा सांग. दी बघू टीचराकडे फोन."

दर्शनाने फोन पुढे केला. तिचा चेहरा आता वेगळा होता, थोडा विनवणीचा. उर्वीही कोपऱ्यातून पुढे आली होती.

अनुजाने फोन घेतला. दुपारपासून ती एकच गोष्ट करत आली होती. अनिशला, मोबाईलला, बाईंना, दर्शनाला. प्रत्येक वेळी सांगून झाल्यावर छातीवरचं ओझं थोडं हललं होतं. आता पुन्हा एका खोट्याला हो म्हणायचं, हे तिला जमेना.

"नमस्कार, मी अनुजा विजयकर. उर्वी हुशारच आहे," ती म्हणाली. "पण हा वर्ग हुशार मुलांचा नाही. तिला अजून नीट वाचता येत नाही, आणि ते आमच्या चुकीमुळे राहिलंय. त्यासाठी..."

"वाचूक येणा नाय?" शिवाचा आवाज मोठा झाला. त्याला धक्का बसला होता, वाईट हेतू काही नव्हता. "पाचवीत ना ती? अरे रे! गे आये, ऐकलंस काय, उर्वीक वाचूक येणा नाय म्हणतत!"

पलीकडे भांडी थांबली. कुणीतरी बाई काहीतरी म्हणाली, आणि दोन-तीन पोरं खिदळली.

उर्वीने ते हसू ऐकलं. ती वळली आणि जिन्यावरून खाली गेली. पळाली नाही. एकेक पायरी बघत गेली.

दर्शनाने फोन हिसकावून घेतला आणि बंद केला. बाकीच्या दोघी बायका खाली मान घालून टाके घालायला लागल्या होत्या.

"मी तुला खोटं बोल म्हटलं नव्हतं," दर्शना म्हणाली. "नुसतं 'हो' म्हणायचं होतं. तिथं सगळी जमलीत. दरवर्षी जायचंय तिला त्यांच्यात. आता म्हातारी होईपर्यंत तिला हेच ऐकवतील."

"मला वाटलं, खरं सांगितलेलं..."

"तुला बरं वाटायला पाहिजे होतं." दर्शनाने साडी परत मांडीवर ओढली आणि खोचलेली सुई शोधू लागली. "तेव्हा पण. आता पण."

अनुजा उभी राहिली तर छपराला डोकं लागलं. ती वाकूनच थांबली. माफी मागावी असं तिला वाटलं, पण तीही पुन्हा स्वतःसाठीच झाली असती.

"दोन तारखेला आठ वाजता ना?" दर्शनाने वर न बघता विचारलं.

"हो."

"येईल ती. मी आणून सोडेन." तिला सुई सापडली. तिने दोरा दाताने तोडला. "कालिंदी बाईंना सांगा, त्यांनी शिकवावं तिला. तुम्ही नका बसू तिच्या शेजारी."

अनुजाने सही केलेला कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि जिना उतरली. खाली दुकानात गिऱ्हाइकांपुढे साड्या उलगडत होत्या. उर्वी दाराशी पायरीवर बसली होती, रस्त्याकडे तोंड करून. तिच्या बाजूने जायला वाट होती. अनुजा त्या वाटेने बाहेर पडली, आणि उर्वीने तिच्याकडे पाहिलं नाही.